ओसरी आणि माजघर

योहान्नेस गोस्नर ह्यांनी १८१२ साली जर्मन भाषेत मनुष्याच्या अंतःकरणाविषयी एक लहानसे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पापी अंतःकरणामध्ये गर्वाचा मोर, खादाडपणाचे डुक्कर, मत्सराचा सर्प, आळसाचे कासव अशी जनावरे बसलेली दाखविली आहेत. देवाचा आत्मा आत आला म्हणजे ती बाहेर पडतात. (मोर आपल्या मुलखात मोठा आवडता पक्षी; असो.) उपदेशक बंधूंनो, हे चित्र दाखविताना आपली काठी शेजाऱ्याच्या डुकरावर चटकन पडते, स्वतःच्या मोरावर पडत नाही.

ख्रिस्ताने अंतःकरणात वस्ती करावी, अशी प्रार्थना पौल इफिसकरांसाठी करितो. वस्ती निराळी, मुक्काम निराळा. पाहुणा आला म्हणजे आपण त्यास ओसरीवर घोंगडी घालून बसवितो, तांब्याभर पाणी देतो, आणि माजघराचे दार लोटून घेतो. रविवारी प्रभूचा असाच मान राखणारे पुष्कळ आहेत. माजघरात पैशांची पेटी असते, आणि तेथेच पूर्वीच्या जातीचा अभिमानही जपून ठेविलेला असतो. प्रभुभोजनास एका मेजाशी बसलेला बंधू, दुसऱ्या जातीतून आलेल्या बंधूची मुलगी सून करून घ्यावी अशी गोष्ट निघताच गप्प होतो. मग त्या घराचा धनी कोण म्हणावा?

यरीहोस जक्कयाच्या घरी प्रभू उतरला, तेव्हा पेटीचा हिशेब कोणी मागितला नव्हता. जक्कय आपण होऊन उभा राहिला व बोलला: अर्धे द्रव्य दरिद्र्यांस, आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत.