जबाब

आमच्या वाडीत माणूस गेला की कागद लागत नाही. बातमी कळली की घरटी एक जण निघतो. कोणी लाकडं फोडतो, कोणी सामान आणायला रत्नागिरीला धावतो, कोणी मुंबईच्या मंडळींना फोन लावतो. पुढचे दिवस त्या घरातल्या माणसांचं जेवण शेजारून येतं. गेलेल्या माणसानं मागे कोणाच्या मयताला काय मदत केली होती याचा हिशोब कोणी काढत नाही. काढायची गरज नसते, कारण सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

विमा म्हणजे तरी दुसरं काय? हजारो घरांनी थोडे थोडे पैसे एका डब्यात टाकायचे आणि ज्या घरावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे. फक्त ही घरं एकमेकांना ओळखत नाहीत. ओळख नाही म्हणून कागद. हे मला आज समजतं. २०१८ साली समजत नव्हतं.

त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत माझा शेजारी गेला. वय सत्तेचाळीस. छातीत कळ आली, गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला, आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. मागे बायको आणि दोन मुली, मोठी दहावीला. २०१५च्या डिसेंबरात त्यानं दोन लाखांची पॉलिसी काढली होती. तीन हप्ते भरले होते, तिन्ही आंब्याच्या पैशातून.

त्याची बायको मला दादा म्हणते. म्हणाली, "दादा, माका त्यातलं काय कळत नाय. तुमी चला संगती." मी दहावीपर्यंत शिकलेला, वाडीत कागद वाचणारा म्हणून माझं नाव. गेलो.

पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, बँकेचं पासबुक आणि दाव्याचा फॉर्म दिला. वाटलं, झालं. महिन्यानं पत्र आलं की नाव जुळत नाही. पॉलिसीवर तिचं लग्नात ठेवलेलं नाव, आधारवर माहेरचं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. ते केलं. मग त्याच्या जन्मतारखेचा दाखला मागितला. शाळेच्या दाखल्यावर १ जून. आमच्या पिढीत आणि नंतरही कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी १ जूनच घातली आहे. आधारवर वर्ष एकानं वेगळं. पुन्हा प्रतिज्ञापत्र. मग डॉक्टरचा फॉर्म. मग अंत्यविधीला हजर असलेल्या प्रतिष्ठित माणसाचा फॉर्म: मी मयताला ओळखत होतो, मी प्रेत पाहिलं, मी स्मशानात हजर होतो. त्या फॉर्मवर मी सही केली. ज्याला मी अंगणात रांगताना पाहिला होता, त्याला ओळखत होतो असं लिहून देताना हात जड झाला.

दर खेपेला एसटीचं भाडं आणि तिची बुडालेली मजुरी. नंतर मला कळलं की विम्याच्या तेव्हाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: जे कागद हवेत ते शक्य तोवर एकाच वेळी मागावेत, तुकड्यातुकड्यांनी मागू नयेत. सगळे कागद मिळाल्यावर तीस दिवसांत निकाल द्यावा, चौकशी करायची असेल तर तीही ठरलेल्या मुदतीत पुरी करावी, आणि उशीर झाला तर व्याज द्यावं. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडते हे एजंटानं तिच्या नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. कंपनीवरही मुदतीचं बंधन आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

२०१९च्या एप्रिलमध्ये, आंबा काढणी ऐन भरात असताना, चौकशीचा माणूस वाडीत आला. भला माणूस वाटला. पाणी प्यायला, कलमांची चौकशी केली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यांना साखरेचा त्रास होता का हो? पॉलिसी घेण्याआधीपासून?"

होता. मला माहीत होतं. कलमांना खत घालायला आम्ही एकत्र जायचो, तेव्हा भाकरी सोडायच्या आधी तो खिशातून गोळी काढायचा. पॉलिसी काढली त्याच्याही वर्षभर आधीपासून. पॉलिसीच्या अर्जावर मात्र मधुमेहासमोर 'नाही' लिहिलेलं होतं. तो अर्ज एजंटानं भरला होता, माझ्याच ओटीवर बसून. अर्ज इंग्रजीत होता. एजंटानं नाव, वय, शेती विचारली, आजाराचं काही विचारलं नाही, सगळीकडे आपणच खुणा केल्या आणि म्हणाला, "हितं, हितं आणि हितं सही करा." त्यानं मराठीत तीन सह्या केल्या. अर्ज समजावून सांगितला, असं खाली एजंटानं लिहून दिलं होतं.

मग खोटं कोण बोललं? ज्यानं लिहिलं तो, ज्यानं न वाचता सही केली तो, की मी, ज्यानं शेजारी बसून चहा घेतला आणि ऐकून घेतलं?

चौकशीचा माणूस उत्तराची वाट बघत होता. 'माहीत नाही' म्हणणं सोपं होतं. कोणी धरलं नसतं. आणि दोन मुली डोळ्यांसमोर होत्या. पण मनात आलं, ह्या डब्यात पैसे टाकणारी माणसं कोण? त्यातली निम्मी असल्याच वाड्यांतली असतील. मी आज गप्प बसलो तर त्यांच्या पैशाचा निर्णय मी परस्पर करतो. आणि आपल्या माणसासाठी एकदा खोटं चालतं असं ठरवलं, की परका खोटं बोलला तर मी कोणत्या तोंडानं बोलणार?

मी खरं सांगितलं. गोळीचंही सांगितलं आणि एजंटाचंही. त्यानं गोळीचं लिहून घेतलं. एजंटाचं लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. मी खाली सही केली. ती वाचून करायला हवी होती. मीही वाचली नाही.

जुलैमध्ये दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं. आजार लपवला. भरलेले हप्ते परत मिळतील, दोन लाख मिळणार नाहीत. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या विहिरीवर पाण्याला यायची थांबली. लांबच्या विहिरीवर जाऊ लागली, चढाच्या वाटेनं, डोक्यावर दोन हंडे घेऊन. माझी बायको मला म्हणाली, "तुमचा खरेपणा तिच्या डोक्यावर गेला."

त्या दिवसांत मी कायदा शोधून वाचला. विमा कायद्याचं कलम ४५ आहे. २०१५ मध्ये ते बदललं. आता पॉलिसीला तीन वर्षं पुरी झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर शंका घेता येत नाही. आमचा माणूस दोन वर्षं दहा महिन्यांनी गेला. दोन महिने जास्त जगता तर तीच गोळी, तोच अर्ज, आणि पैसे मुकाट मिळाले असते. मी खूप विचार केला. खऱ्याला मुदत असते का? कायद्याचं म्हणणं मला असं दिसतं: ज्याला तपासायचं असेल त्यानं वेळेत तपासावं, हप्ते घेत राहून मयतानंतर शोधायला निघू नये. हे बरोबर आहे. पण मग ते पहिल्या दिवशीच का तपासत नाहीत?

आपल्या राज्यात हे सरकारलाही कळायला वेळ लागला. शेतकऱ्यांच्या अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं दोन लाखांची योजना विमा कंपन्यांमार्फत चालायची. कंपन्या दावे वेळेत मंजूर करत नाहीत, नको त्या त्रुटी काढतात, अशा तक्रारी साठत गेल्या. शेवटी २०२३ साली शासनानं कंपन्यांना मधून काढलं आणि मदत स्वतःच द्यायचं ठरवलं. सरकारला कंपनी बदलता येते. विधवा बाईला येत नाही.

मी पुन्हा तिच्या दारात गेलो. म्हटलं, "मी सांगितलं ते खरं होतं. पण पुरं खरं त्यांनी लिहून घेतलं नाही. ते पुरं करूया." ती बराच वेळ केर काढत राहिली. मग कागदांची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली.

आधी कंपनीला लेखी विनंती केली. महिनाभर उत्तर नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. साध्या कागदावर, फी नाही, वकील लागत नाही. २०२०च्या जानेवारीत रात्रीच्या एसटीनं कोल्हापूरमार्गे पुण्याला गेलो. सुनावणी फार तर वीस मिनिटं चालली. मी दोन्ही गोष्टी पुन्हा सांगितल्या. लोकपालांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, मधुमेहाचा कागद कुठे आहे? डॉक्टरची चिठ्ठी, तपासणी, काही? काहीच नव्हतं. गोळ्या तो दुकानातून तशाच घ्यायचा. कंपनीकडे होता फक्त माझा जबाब. ज्या कंपनीनं बाईकडे तिच्याच नावाचा पुरावा मागितला होता, तिच्याकडे स्वतःच्या म्हणण्याचा पुरावा नव्हता.

मार्चमध्ये पैसे आले, व्याजासकट. पुढच्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. ते पैसे तेव्हा नसते तर त्या घराचं काय झालं असतं, विचार करवत नाही.

लोक म्हणतात, शेवट गोड झाला, म्हणजे तुम्ही केलं ते बरोबर. मला तसं म्हणवत नाही. निकाल उलटा लागला असता तर मी बरोबर राहिलो असतो का? मी सांगितलं ते खरंच राहिलं असतं. फक्त त्याची किंमत मी भरली नसती, तिनं आणि मुलींनी भरली असती. खरं बोलणाऱ्यानं निदान ती किंमत अर्धी तरी आपल्या अंगावर घ्यावी, एवढंच मला यातून कळलं. जबाब देऊन मी आंबा काढायला परत गेलो होतो, ते चुकलं. जुलैच्या पत्राची वाट न बघता मी एप्रिलमध्येच तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं की मी असं असं बोललो आहे.

आता वाडीत कोणी पॉलिसी काढत असेल तर मी जाऊन बसतो. चहा घेतो, पण आजाराचे प्रश्न मोठ्यानं वाचायला लावतो. एजंट नाराज होतात. एक-दोघांना पॉलिसी मिळाली नाही, तेही नाराज आहेत.

हा लेख मी छापायच्या आधी तिला वाचून दाखवला. आता ती आमच्याच विहिरीवर येते. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लिवा. पन फारम कोनी भरला ता पन लिवा."

म्हणून ते वर लिहिलं आहे.