मुक्या रोग्याचा वैद्य

माणसांच्या वैद्याला रोगी आपले दुखणे स्वतः सांगतो. पशुवैद्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. दुखते बैलाला, बोलतो बैलाचा धनी, आणि पैसे देणाराही तोच. मग पशुवैद्य बांधलेला कोणाला? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु आमच्या मते तो नीतिविचाराच्या मुळालाच हात घालतो.

पेरणी तोंडाशी आली असता धनी लंगडता बैल घेऊन येतो व म्हणतो, "चार दिवस चालेल असे काहीतरी टोचा." त्याची अडचण खोटी नसते, घरातील पोराबाळांचे पोट त्या जोडीवर असते. अशा वेळी भूतदयेचे प्रवचन व्यर्थ होय. वेदना दाबून बैल जुंपला तर पाय कायमचा जाईल, हे वैद्याने स्पष्ट सांगावे, आणि शेजाऱ्याशी सावड करण्याचा मार्गही सुचवावा. मुक्याची बाजू मांडताना बोलणाऱ्याची गरज विसरू नये, यातच त्याची कसोटी आहे.

पण त्याचे कर्तव्य गोठ्यापाशी संपत नाही. १८८९ साली पुण्यात निघालेली प्रयोगशाळा १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तेथे बुळकांडीवर दीर्घकाळ संशोधन झाले. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली, आणि २०११ साली ती साथ जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. ज्या धडधाकट गुरांना सुई टोचली, त्यांतील कित्येकांचा त्रास दुसऱ्या गुरांसाठी होता.

याच्या उलट, दया करतानाही अपाय घडतो. गुरांच्या वेदना शमविण्यास डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जाई. ते अंगात असता मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत व ती मरत. हे कारण २००४ साली उघड झाले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. उणीव होती ती ज्ञानाची. म्हणून ज्ञान मिळविणे हेही करुणेचेच अंग मानले पाहिजे.

परप्रांती कचेरीत बसून आम्ही ज्यांच्या कागदांवर शेरे मारतो, तेही बहुधा आमच्यासमोर नसतात. जो बोलू शकत नाही किंवा समोर नाही, त्याचे हित कोणी पाहायचे? ज्याच्या हाती निर्णय आहे, त्यानेच.