न झिजलेले शिंग

माउली, कीर्तनातले आमचे दृष्टांत गाई-वासरांचे, फार तर हत्तीचे. आज एक परमुलखातले जनावर तुमच्यापुढे आणतो, सांभाळून घ्यावे.

आफ्रिकेत काळा गेंडा आहे. आपल्या आसामातल्या गेंड्याला एक शिंग, याला दोन. हे शिंग हाडाचे नव्हे. आपले नख ज्या केराटीनचे, त्याचेच ते बनते आणि जन्मभर वाढते. रानात तो झाडाझुडपांवर, मातीत शिंग घासतो, प्रसंगी झुंजतो. वाढ आणि झीज यांचा मेळ राहतो. बंदिस्त आवारात हा मेळ बिघडू शकतो. कुणाचे शिंग वाजवीपेक्षा लांब, वेडेवाकडे वाढते. कुणी गजांवर घासघासून त्याचे थोटूक करतो.

मग त्याला कोंडावेच का? त्याचेही कारण ऐका. १९७० च्या सुमारास रानात सुमारे ६५,००० काळे गेंडे होते. शिंगाच्या लोभाने माणसाने त्यांना मारले आणि १९९५ च्या आसपास अडीच हजारांहूनही कमी उरले. आज राखणीमुळे ते सहा हजारांवर आले आहेत. आवारात तरी भय संपते का? २०१७ साली पॅरिसजवळच्या थोइरी प्राणिसंग्रहालयात शिरून चोरांनी एका पांढऱ्या गेंड्याला मारले आणि शिंग कापून नेले. तेव्हा राखणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण प्रश्न उरतो: जीव वाचवला, एवढ्याने दयेचा धर्म पुरा झाला का?

माझे उत्तर सांगतो. गुडघ्यांनी वारी थांबवली, कीर्तन सुटले. घरचे फार जपतात. 'बुवा, तुम्ही बसा.' गावात सगळे पाया पडतात, शब्द कुणी खोडत नाही. मागच्या एकादशीला एका तरुण कीर्तनकाराला मी भर सभेत टोकले. चूक त्याची नव्हती, माझीच होती. सभेत दोघाचौघांना ते कळले होते, पण बोलले कुणी नाही. दुसऱ्या दिवशी नात माझी नखे कापताना म्हणाली, "आजोबा, काम नाही म्हणून वाढतात वो ही." मी गप्प झालो.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, ती रोजची झीज असते. लहान-मोठा कुणी उरत नाही, म्हणून अहंकार बेताचा राहतो. मान मिळत राहिला आणि घासणारे कुणी भेटले नाही, की तो वाकडा वाढतो. म्हणून जपणे म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे. ज्याला जपायचे, त्याच्या स्वभावाला हवी ती झीजही त्याला मिळू द्यावी. गेंड्याला घासायला खोड द्यावे, म्हाताऱ्याला खरे बोलणारे माणूस द्यावे.

गेंड्याने आपले आवार निवडलेले नाही. माझे मात्र मीच निवडले होते. त्या मुलाच्या घरी जाऊन मी त्याच्या पाया पडलो. आता एकादशीला मागे टाळकऱ्यांत बसतो. तुमचे शिंग कुठे घासते, माउली, ते तुम्ही पाहा.

रामकृष्णहरी.