दाशरथी आणि जनकाचा जावई

कऱ्हेकाठच्या बारामतीत, सावकारी आणि सरदारी या दोन्ही अंगांनी पेशवाईत वजन राखून असलेल्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहून मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांनी नाना बंधने स्वतःवर लादून घेत जी अनेक रामायणे रचली, त्यांच्याकडे आपल्या टीकाकारांनी बहुधा शब्दचमत्कृतीचा खटाटोप म्हणूनच पाहिले. त्यांपैकी ‘निरोष्ठ रामायण’ हे मात्र अर्थविचाराच्या अभ्यासकाने जवळून पाहावे असे मला वाटते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण येथे वर्ज्य, म्हणजे ज्याची कथा सांगावयाची त्याचे ‘राम’ हे नावच निषिद्ध. ‘रघुपती’ही त्याच कलमाखाली बाद. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला एक कुमार आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, पंतांनी तेच बंधन रामकथेला घातले. नाव उच्चारता येत नाही तेव्हा वर्णनाचा आधार घेणे भाग पडते; अशा वेळी ‘दाशरथी’ म्हणता येते, ‘जानकीकांत’ म्हणता येते. व्यक्ती तीच राहते, यात संशय नाही. परंतु अर्थही तोच राहतो काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. शब्दाचा अर्थ द्रव्य, असे व्याडी म्हणे. आकृती, असे वाजप्यायन म्हणे. पतंजलीने महाभाष्यात दोन्ही पक्षांची कैफियत विस्ताराने नोंदविली, आणि न्यायसूत्रांनी व्यक्ती, आकृती व जाती या तिन्हींना पदार्थात वाटा देऊन तंटा मिटवू पाहिला. खरी सूक्ष्मता आली ती नव्यन्यायात. पदाने वस्तू कळते एवढ्यावर समाधान न मानता, ती कोणत्या धर्माने मर्यादित होऊन कळते, हे या नैयायिकांनी विचारले आणि त्या धर्माला ‘अवच्छेदक’ म्हटले. ‘दाशरथी’ या पदाने जो कळतो तो दशरथपुत्रत्वाने, ‘जानकीकांत’ या पदाने कळतो तो जानकीच्या पतित्वाने. काशीत नांदलेल्या नागेशभट्ट काळ्यांच्या ‘मंजूषे’पर्यंत, म्हणजे थेट अठराव्या शतकापर्यंत, हा विचार अखंड चालू होता.

जर्मनीत गोटलोब फ्रेगे याने १८९२ साली हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवावयास घेतली. पहाटेची चांदणी आणि सायंकाळची चांदणी या दोन्ही शुक्रच. निर्दिष्ट वस्तू एक, ती आपल्यापुढे येण्याची रीत मात्र निराळी, आणि ही रीत अर्थाचाच भाग होय, असा त्याचा सिद्धांत. स्वयंवराच्या प्रसंगावर तो पारखून पाहू. ‘आपला जावई हे धनुष्य सज्ज करील, हे जनकाला ठाऊक होते’ हे वाक्य खरे आहे, कारण त्याचा पणच तसा होता. पण ‘दाशरथी हे धनुष्य सज्ज करील, हे जनकाला ठाऊक होते’ असे म्हणताच वाक्य खोटे पडते, जरी जावई ठरला तो दाशरथीच. ‘ठाऊक होते’, ‘वाटले’ अशा क्रियापदांच्या कक्षेत एका नावाच्या जागी दुसरे नाव सुखाने बसत नाही.

अमेरिकेत रिचर्ड माँटेग्यू याने याच विचाराला गणिताची शिस्त दिली. त्याचा प्रसिद्ध निबंध १९७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रकाशित झाला. ‘जनकाला जावई भेटला’ म्हटले की कोणी एक पुरुष असावाच लागतो. ‘जनक जावई शोधीत होता’ म्हणताना मात्र तसा कोणी डोळ्यांपुढे नसला तरी चालते. म्हणून ‘शोधणे’ या क्रियापदाचे कर्म म्हणजे एखादी व्यक्ती नव्हे. निरनिराळ्या संभाव्य परिस्थितींत जो जो त्या वर्णनाला उतरेल त्याला निवडून देणारी रीत हेच ते कर्म, अशी त्याची मांडणी आहे.

इंग्रजीत हा भेद उकलावयास तर्कशास्त्राची मदत घ्यावी लागते. मराठी तो पुष्कळदा प्रत्ययानेच दाखविते. इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात गळिताचा हंगाम तोंडावर आला असता ‘मुकादम टोळी शोधतोय’ असे कोणी म्हणाले, तर त्याला तोडणीसाठी माणसे हवी आहेत, कोणतीही चालतील, असे ऐकणारा समजतो. ‘मुकादम टोळीला शोधतोय’ म्हटले की उचल घेऊन पसार झालेली एक ठराविक टोळी उभी राहते. एवढा मोठा फरक एका ‘ला’ने होतो, आणि तो आमच्या शाळेतल्या व्याकरणात कोणी शिकविला नाही, याची मला खंत वाटते.

तथापि ‘ला’ म्हणजे ठराविकपणा, असे सूत्र करून मोकळे होता येत नाही. रात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले असता ‘अरे, डॉक्टरला बोलवा’ असा आकांत होतो, तेव्हा कोणताही डॉक्टर चालत असतो. ‘शोधणे’ या क्रियापदापाशी हा प्रत्यय जे काम करतो ते ‘बोलावणे’ यापाशी करीत नाही. म्हणून प्रत्ययाचा अर्थ ठरविण्याआधी क्रियापदांची वर्गवारी लावावी लागेल, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्या चिकाटीने विभक्तींचा तपशील मांडला, त्याच्या पुढच्या पायरीवरून ती सुरू करता येईल.