झेंडूची ओळ

माझं नाक बँकेत काही कामाचं नाही. दुसऱ्यांच्या नोटा मोजून मोजून ते तिथे पार मेलेलं आहे. तेच नाक संध्याकाळी मला शालिमारजवळच्या भजीच्या गाडीपाशी बिनचूक नेऊन उभं करतं. अशाच जातीच्या एका प्राण्याची ओळख पितृपक्षात दिंडोरी तालुक्यात, चुलतभावाच्या टोमॅटोच्या शेतात झाली.

हेलिकोव्हर्पा नावाचा पतंग. नाव भारदस्त, पण मंडळी जुनीच. याचीच अळी हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर बोंडअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. (आमच्याकडे बदली झाली की पदनाम बदलतं आणि माणूस तोच राहतो, तसं.) मादी रात्री हिंडते आणि मिशांनी हुंगते. अंधारात वासाचा माग काढत झाडापाशी येते, एकेक अंडं सुटं ठेवते आणि जाते. पोरांच्या जेवणाची सोय बघणारी आई ती. तिला चोर तरी कसं म्हणायचं?

टोमॅटोमध्ये झेंडूची ओळ बघून मी म्हटलं, "दसऱ्याची कमाई वाटतं?"

"फुलं विकतोच दादा, पण ते सापळा पीक आहे."

टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ. टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं, झेंडूचं 45 दिवसांचं, आणि लावायची दोन्ही एकदमच, म्हणजे फुलोराही एकदम येतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ही शिफारस. फुललेला झेंडू मादीला टोमॅटोहून प्यारा, म्हणून ती अंडी तिथे घालते. टोमॅटो बराचसा वाचतो, औषधाची फवारणीही कमी लागते.

"आणि झेंडूचं काय?"

"त्याला कुठे कळतंय!"

हे वाक्य एसटीत माझ्या शेजारी बसून नाशिकपर्यंत आलं.

त्याचं असं आहे. आमच्या शाखेत चौकशीची एक खिडकी आहे. पेन्शन जमा झाली नाही, एटीएमनं पैसे न देता खात्यातून कापले, सही जुळली नाही, असा सगळा संताप त्या खिडकीवर येऊन बसतो आणि बाकीची मंडळी निवांत काम करतात. सात वर्षं तिथे मी होतो. श्रावणात साहेबांनी विचारलं, "तुमच्या जागी कोण?" मी नव्या पोराचं नाव सांगितलं. हसरा चेहरा, बोलणं गोड. गिऱ्हाईक लांबून ओढलं जाणार. 'त्यालाही अनुभव मिळेल,' असंही मी मनाशी म्हटलं. असली वाक्यं मनाशी फार चटकन म्हणता येतात.

पतंगाचं बरं आहे, तो नाकामागे जातो. झेंडूला काही ठाऊक नसतं. चुलतभावाचं पोट त्या टोमॅटोवर आहे. सोळा वाचले, एक गेला, नफा उघड आहे, मी बी.कॉम. आहे, एवढा हिशेब मला येतो. पण तो एक कुठला हे ज्यानं ठरवलं, त्याच्या खात्यावर ही रक्कम जमा टाकायची की नावे, हे मला कोणत्याच प्राध्यापकानं शिकवलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडली. दाराला आदल्या दिवशीचं झेंडूचं तोरण तसंच होतं. पोरगं आपट्याची पानं घेऊन आलं आणि पाया पडलं.

"काका, साहेब म्हणाले, तुम्हीच माझं नाव सुचवलंत. लक्षात ठेवीन."

मी पानं खिशात घातली. म्हटलं, "जा, चहा पिऊन ये. तोवर मी बसतो तिथे."

खुर्ची अजून गरम होती. समोर एक आजोबा पासबुक हलवत सरळ माझ्याच दिशेनं येत होते.