दस्तरख्वानाचे बिल

पाहुणचार विकत घेता येतो का? मोरोक्कोतील मराकेश शहर पाहायला गेलेल्या प्रवाशापुढे हा प्रश्न ताटाबरोबरच वाढला जातो. जुन्या तटबंदीच्या आत 'रियाद' नावाचे वाडे आहेत. मधोमध अंगण, कारंजे, संत्र्याची झाडे. त्यांतल्या काही वाड्यांत आता उंची रेस्टॉरंट चालतात. दारातच सलाम होतो. पितळी झारी आणि तस्त आणून हातावर पाणी घातले जाते. मग भाज्यांच्या थंड कोशिंबिरी येतात. बदाम-दालचिनी घातलेली, वरून पिठीसाखर भुरभुरलेली बस्तीला येते. जुन्या रीतीने तिच्यात कबुतराचे मांस असते. टोपीसारखे झाकण असलेल्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजलेला ताजीन येतो, कुसकुस येतो आणि शेवटी उंचावरून धार धरून ओतलेला पुदिन्याचा चहा. घरी आलेल्या मेहमानासाठी जे करायचे, ते सगळे इथे होते. फरक एवढाच की शेवटी बिल येते, आणि ते त्याच शहरातल्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतके असू शकते.

आपल्यापैकी अनेकांना हे खटकेल. मेहमान म्हणजे रहमत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अनोळखी पाहुणे दारात येताच हजरत इब्राहीम काही न विचारता घरात गेले आणि भाजलेले वासरू घेऊन आले, हा किस्सा कुरआनात आहे. गरीब, यतीम आणि कैदी यांना जेवू घालून बदल्यात आभाराचीही अपेक्षा न ठेवणाऱ्या माणसांचे वर्णनही तिथेच आहे. मग मेहमाननवाजीला दर लावणे म्हणजे तिचा अपमान नव्हे काय?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इब्न बतूताचा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "सर, एवढ्या प्रवासाचा खर्च कोणी केला?" प्रश्न मुलांचा असला तरी मोठ्यांनी विचार करावा असा आहे. मोरोक्कोच्या टँजियर गावचा हा तरुण १३२५ साली हजला निघाला आणि जवळपास तीस वर्षे फिरत राहिला. खानकाह, मदरसे आणि बादशहांचे दरबार यांनी त्याला पोसले. दिल्लीत त्याच्यावर कर्ज झाले, तेही सुलतान मुहम्मद तुघलकाने फेडले. १३४२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर तो दिल्लीहून निघाला आणि आपल्या दौलताबादेलाही आला. इथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे मोरोक्कोचा माणूस एके काळी आपल्या दख्खनचा पाहुणा होता, आणि त्याच्यापुढे बिल आले नव्हते.

पण बिल आले नाही म्हणून ते कोणी भरलेच नाही, असे होत नाही. खानकाहची चूल वक्फच्या जमिनीवर चाले, आणि त्या जमिनीत घाम शेतकऱ्याचा गळे. दरबाराची दिलदारी रयतेच्या साऱ्यावर चाले. पाहुण्याला दिलेल्या भेटींमध्ये गुलामही असत. इब्न बतूताने स्वतःच तसे नोंदवले आहे. फुकटच्या जेवणाचे पैसे नेहमी कोणीतरी मोजलेले असतात. बहुतेक वेळा तो मोजणारा दस्तरख्वानावर बसलेला नसतो.

मोरोक्कोच्या बड्या घरांतल्या स्वयंपाकिणींना 'दादा' म्हणत. आपल्याकडे हा शब्द थोरल्या भावासाठी. तिकडे तो चुलीपुढे हयात घालवणाऱ्या बाईसाठी. यांतल्या अनेक जणी सहाराच्या दक्षिणेकडून आणलेल्या गुलाम स्त्रियांच्या वंशातल्या होत्या. १९१२ साली देशावर फ्रेंचांचा अंमल आला. त्यानंतर गुलामांचा उघड बाजार बंद झाला, पण घराघरांतली चाकरी पुढे बरीच वर्षे चालू राहिली. ज्या चवीसाठी आज प्रवासी मराकेश गाठतो, तिच्यातला मोठा वाटा या बायकांच्या हातचा आहे. घरमालकाची मेहमाननवाजी गावभर गाजली. दादाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

इथे मूळ प्रश्न उलटा होतो. देणे हे देणे केव्हा ठरते? आमच्या मते दोन अटी आहेत. जे द्यायचे ते देणाऱ्याचे स्वतःचे असले पाहिजे, आणि देणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा असली पाहिजे. दुसऱ्याच्या श्रमावर उदार होणारा मालक पहिल्या अटीत नापास होतो. दादाने जीव ओतून रांधले असेल, तरी दुसरी अट तिला लागूच होत नव्हती, कारण नाही म्हणणे तिच्या हातात नव्हते. या कसोटीवर ठरलेला दर, ठरलेला पगार आणि काम सोडून जाण्याची मोकळीक असलेले रेस्टॉरंट त्या जुन्या वाड्यापेक्षा अधिक स्वच्छ ठरते. मराकेशमध्येच 'अल फासिया' हे नावाजलेले रेस्टॉरंट बायका चालवतात. रांधणाऱ्याही त्याच आणि वाढणाऱ्याही त्याच. तिथले बिल चुकवणारा प्रवासी मेहमाननवाजीचा अपमान करत नाही, तो मेहनतीचे मोल देतो.

मग बिल भरले की हिशेब संपला का? तोही नाही. एक हदीस आपल्याला ठाऊक आहे. तुमचा खादिम जेवण घेऊन आला तर त्याला बरोबर बसवा. ते जमत नसेल तर निदान घास-दोन घास त्याच्या हातावर ठेवा, कारण चुलीची धग त्याने सोसली आहे. कारण किती साधे दिले आहे पाहा. मजुरी दिली की नाही, हा प्रश्नच तिथे उपस्थित केलेला नाही. धग ज्याने सोसली, त्याचा त्या अन्नावर पैशापलीकडेही काही हक्क उरतो, एवढेच सांगितले आहे. पैसा श्रम विकत घेतो, पण श्रम करणाऱ्याकडे पाठ फिरवण्याचा परवाना देत नाही.

ही कसोटी मराकेशपुरती ठेवली तर ती आपल्याला सोयीची होईल. तिकडे कुसकुस हे जुम्म्याच्या नमाजनंतर घरच्यांनी एका थाळ्याभोवती बसून खाण्याचे अन्न आहे. रवा हाताने वळायचा, मग वाफेवर पुन्हा पुन्हा शिजवायचा. सकाळ त्यातच जाते. २०२० मध्ये युनेस्कोने अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांचा हा सामायिक वारसा मान्य केला आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा असल्याचेही नोंदवले. आपल्या घरची दावत याहून वेगळी कुठे आहे? बिर्याणीचे दम लागतात, पाहुणे उठतात, पुरुष उठतात, मुले उठतात. मग जिने पहाटेपासून धग सोसली ती देगेच्या तळाशी उरलेले घेऊन बसते, आणि याला आपण बरकत म्हणतो. ती हे प्रेमाने करते यात शंका नाही. पण हे प्रेम तिचे आहे. त्याचे श्रेय घरमालकाच्या दिलदारीच्या खात्यावर कसे काय जमा होते?

मेहमाननवाजी टिकावी असे आम्हालाही वाटते. ती रेस्टॉरंटमुळे बुडणार नाही. चूल आणि दस्तरख्वान यांच्यामध्ये आपण उभी केलेली भिंत मात्र तिला आतून पोखरते. मराकेशला जाणाऱ्याने उठण्यापूर्वी रांधणाऱ्या बाईचे नाव विचारावे आणि शक्य झाले तर शुक्रिया तिच्यापर्यंत पोहोचवावा. ज्यांना मराकेश परवडत नाही, त्यांनी येत्या ईदला पहिला गरम घास कोणाच्या ताटात पडतो ते पाहावे. त्याला तर काहीच खर्च येत नाही.