पळपुट्याची माया आणि न्यायाचा कांटा

ज्या मनुष्यानें पुष्कळांचें वाईट केलें, त्यानें एका लेंकराचें भलें केलें, तर त्याला कोणत्या कांट्यानें तोलावें? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. आतां खेड्यापाड्यांतही मोबाइलवर चित्रपट पाहिले जातात, आणि फरारी गुन्हेगार व निष्पाप मूल यांच्या स्नेहाची कथा त्यांत वारंवार येते. ती पाहून तरुण म्हणतात, "खुनी असला तरी मनाचा चांगला होता." वडील मंडळी म्हणतात, "असलीं चित्रें पाहूंच नयेत. त्यांनीं पापाला गोडी येते." हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत.

उदाहरणार्थ, क्लिंट ईस्टवुड यांनीं दिग्दर्शित केलेला १९९३ सालचा 'अ परफेक्ट वर्ल्ड' हा अमेरिकन चित्रपट घ्या. कथा १९६३ सालच्या टेक्ससमधील आहे. बुच हेन्स नांवाचा कैदी एका सोबत्यासह तुरुंगांतून पळतो, आणि ते दोघे फिलिप नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला ओलीस धरून नेतात. सोबती त्या मुलाला उपद्रव देऊं पाहतो, तेव्हां बुच त्याला ठार करितो. पुढें बुच व फिलिप यांच्यामध्यें बापलेंकासारखी माया जडते. फिलिपच्या घरीं बाप नाहीं. आई यहोवाचे साक्षी या पंथाची असल्यामुळें घरांत सणावारांस मनाई आहे. बुच त्याला सांगतो कीं, तुला जें जें करावेंसें वाटतें त्याची यादी कर.

वाचकहो, येथें पहिला बोध आपल्याच घरांना आहे. ज्या घरांत देवाच्या नांवानें लेंकराच्या कानीं केवळ "नको" हाच शब्द पडतो, तेथील लेंकराला चोराचें "हो" गोड लागतें. बंदी घालणारे पुष्कळ, परंतु तुझ्या मनांत काय आहे असें विचारणारा कोणी नाहीं, अशी स्थिति आपल्या घरीं नसावी.

आतां, बुचची माया खरी होती काय? होती. वाईट माणसांनाही आपल्या लेंकरांस चांगलें देणें कळतें, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. त्यानें त्यांचें वाईटपण झांकलें नाहीं, आणि त्यांच्या हातचें दान चांगलें आहे हेंही नाकारिलें नाहीं. परंतु माया खरी असली म्हणून ती पापाची फेड होत नाहीं. ज्या संकटांतून बुचनें मुलाला सोडविलें, त्या संकटांत त्याला आणण्यांत बुचचाच हात होता. चोरलेली शेळी लांडग्यापासून राखली म्हणून चोर तिचा धनी होत नाहीं.

पुढें एक वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी त्यांस रात्रीचा आसरा देतो. सकाळीं तो आपल्या नातवावर हात उगारितो. तें पाहतांच बुचचा राग भडकतो. तो त्या आश्रय देणाऱ्या कुटुंबालाच बांधून पिस्तूल रोखितो. जी दया एका लेंकराची ढाल झाली होती, तीच दुसऱ्या लेंकराच्या देखत त्याच्या आजोबाच्या जिवावर उठते. दयेला धर्माचा लगाम नसला म्हणजे तिचा सूड होतो. तेव्हां फिलिप तें पिस्तूल उचलून बुचवर झाडतो व मग विहिरींत टाकितो. गोळी झाडणें आपण वाखाणीत नाहीं. तथापि पुढें तें मूल जखमी बुचजवळ येऊन क्षमा मागतें. वाईट कृत्य थांबवावें आणि वाईट करणाऱ्याला टाकूं नये, ह्या दोन गोष्टी आपणां मोठ्यांना एकत्र क्वचित् साधतात.

अखेरीस बुच मारला जातो. त्याचा पाठलाग करणाऱ्या वृद्ध अधिकाऱ्यानेंच पूर्वीं, बुच पोरवयाचा असतां, मोटार चोरल्याबद्दल त्याला मोठी शिक्षा होईल असें केलें होतें. दुष्ट बापापेक्षां बंदिशाळा बरी, असा त्याचा हेतु होता. हेतु चांगला, फळ कडू. आपल्या देशानेंही हें पाहिलें आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मावरूनच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. कुंपणाआड लेंकरें वाढलीं. १९५२ सालीं ती बेडी सुटली, तरी लोकांच्या मनांतला शिक्का अद्याप पुसला नाहीं. यास्तव गुन्हेगाराचा न्याय करितांना त्याला घडविणाऱ्यांचाही न्याय होतो, हें विसरूं नये.

१९५२ सालच्या 'हंटेड' ह्या ब्रिटिश चित्रपटांत दुसरी वाट दिसते. खून करून पळालेला मनुष्य रॉबी नांवाच्या लहानग्यासह स्कॉटलंडच्या किनाऱ्यास पोहोंचतो व चोरलेल्या होडींतून आयर्लंडकडे निघतो. मूल आजारी पडतें. तेव्हां धरलें जाऊं हें ठाऊक असूनही तो होडी बंदराकडे वळवितो. पश्चात्ताप म्हणजे वळणें, तें हेंच. प्रेमाची खूण डोळ्यांतील पाणी नव्हे. लेंकरासाठीं आपण काय सोडून दिलें, ही होय. पौलानेंही पळून आलेल्या अनेसिमाला लपविलें नाहीं. त्याला फिलेमोनाकडे परत पाठविलें, आणि त्याचें देणें आपल्या नांवावर मांडण्यास सांगितलें. सत्य आणि दया एकाच पत्रांत गेलीं.

आपल्या मंडळींत तुरुंगांतून सुटलेला बंधु आला, तर त्याला मागच्या दाराशीं बसवूं नका; त्याला भाकर, काम व भक्तींत जागा द्या. परंतु तो मुलांवर फार माया करितो, एवढ्यावरून कोणतेंही लेंकरूं एकटें त्याच्या स्वाधीन करूं नका. हाच नियम पाळकास, शिक्षकास व पंचासही लागू असावा. क्षमा तत्काळ देतां येते; विश्वास मात्र काळानें व वर्तनानें मिळवावा लागतो. लेंकराची राखण करणें हा कोणाचा अपमान नव्हे.

आणि तरुणांनीं असा चित्रपट पाहिला, तर उपदेशकानें रागें न भरतां तीन प्रश्न विचारावे: त्या मनुष्यानें कोणाचें काय हिरावलें? त्यानें खरोखर काय दिलें? आणि तो कोठें वळूं शकला असता? ह्या प्रश्नांचीं उत्तरें जो प्रामाणिकपणें देईल, त्याला पापही दिसेल, पापीही दिसेल, आणि दोहोंतलें अंतरही कळेल. त्या अंतरांतच आपणां सर्वांच्या तारणाला जागा झाली आहे.